हवेचे हिशेबनीस : कै. नानाभाई आर्देशीर मूस

रणांगणावर पराक्रम गाजविणाऱ्या आणि राज्यें स्थापणाऱ्या पुरुषांचीं चरित्रें आपण आवडीनें वाचतों. परंतु कांहीं पुरुष असे असतात कीं, त्यांचा सारा पराक्रम एका जाड वहींत सांठविलेला असतो. ते रोज ठरलेल्या वेळीं यंत्रापुढें उभे राहतात आणि जें दिसलें तें जसेंच्या तसें लिहून ठेवितात. त्यांच्या नांवाचे पोवाडे होत नाहींत. तथापि पुढील शंभर वर्षांतील शहाण्यांस त्यांच्या वहीवांचून पाऊल टाकतां येत नाहीं. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे पहिले एतद्देशीय संचालक कै. नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस हे अशा पुरुषांपैकीं एक होत. यंदाच्या अंकासाठीं आम्हीं त्यांचें चरित्र निवडलें, याचें कारण शोधण्यास दूर जावयास नको. मोरा बंदराच्या धक्क्यावर उभें राहिलें म्हणजे तें समोरच दिसतें, किंवा दिसेनासें होतें.

जुलै महिन्यांत पावसाची एखादी जोराची सर येऊन गेल्यावर या धक्क्यावरून पाहावें. घारापुरीचे डोंगर हातभर अंतरावर असल्यासारखे भासतात आणि पलीकडे मुंबईच्या इमारतींच्या रांगा रेखल्यासारख्या उभ्या असतात. डिसेंबरांत सकाळीं सात वाजतां तेथूनच पाहिलें, तर भाऊच्या धक्क्याकडे निघालेली लाँच थोड्याच वेळांत करड्या पडद्याआड जाते आणि एवढी मोठी मुंबई जागेवरून नाहींशी झालेली असते. लाँचेची वाट पाहणाऱ्यांपैकीं कोणी म्हणतो हें धुकें आहे, कोणी म्हणतो हा धूर आहे. हा वाद दरवर्षींचा आहे, आणि दोघांचेंही म्हणणें अर्धें अर्धें खरें आहे. निसर्गाचा वांटा किती आणि माणसाचा किती, हें केवळ डोळ्यांनीं ठरत नाहीं. त्यासाठीं वाऱ्याची, उष्णतेची, दमटपणाची आणि पावसाची वर्षानुवर्षांची नोंद हाताशीं असावी लागते. मुंबईची अशी नोंद तेवीस वर्षें ज्यांच्या देखरेखीखालीं झाली, ते नानाभाई मूस.

नानाभाईंचा जन्म मुंबईंत २९ ऑक्टोबर १८५९ रोजीं एका पारशी कुटुंबांत झाला. त्यापूर्वीं दोन महिनेही झाले नव्हते, तोंच कुलाब्याच्या वेधशाळेंत एक विलक्षण गोष्ट घडली होती. त्या सालच्या सप्टेंबरच्या दुसऱ्या तारखेस तेथील चुंबकसूची एकाएकीं बेफाम हलूं लागली. सूर्यावर झालेल्या एका प्रचंड स्फोटाचा तो परिणाम होता. युरोप व अमेरिकेंतील तारायंत्रांचें काम त्या वेळीं बिघडलें. कुलाब्यांतील निरीक्षक मात्र यंत्राजवळून हलले नाहींत. त्यांनीं सूची कोठून कोठें गेली याचे आंकडे टिपून ठेविले. पुढें २००३ सालीं, म्हणजे एकशें चव्वेचाळीस वर्षांनीं, भारतीय व परदेशी शास्त्रज्ञांनीं त्या वादळाचें बळ मोजण्याचें मनावर घेतलें, तेव्हां त्यांस आधार मिळाला तो कुलाब्याच्या त्या जुन्या नोंदींचा. ज्या निरीक्षकांनीं ते आंकडे लिहिले, त्यांस याची कल्पनाही नव्हती. पुढें नानाभाई ज्या वेधशाळेचे धनी झाले, तिचें व्रत हेंच होतें.

नानाभाईंनीं पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयांत स्थापत्यशास्त्राची एल. सी. ई. ही पदवी मिळविली आणि मग ते उच्च शिक्षणासाठीं स्कॉटलंडमधील एडिंबरो विद्यापीठांत गेले. तेथें त्यांनीं बी. एस्‌सी. ची पदवी घेतली. ज्या नगरांत ते शिकले, त्यास तेथील लोक पूर्वींपासून गमतीनें जुनी धुरकट नगरी म्हणत असत, कारण घरोघरच्या कोळशाच्या शेगड्यांचा धूर तिच्या माथ्यावर सदैव तरंगत असे. त्याच काळांत जॉन एटकिन नांवाच्या स्कॉटिश संशोधकानें धूर आणि धुकें यांचें नातें उलगडून दाखविलें. त्यानें काचेचीं दोन भांडीं घेतलीं. एकांत साधी हवा भरली, दुसऱ्यांत कापसांतून गाळून धूळ काढून टाकलेली हवा भरली, आणि दोहोंत वाफ सोडली. साध्या हवेच्या भांड्यांत दाट धुकें जमलें. गाळलेल्या हवेचें भांडें स्वच्छ राहिलें. वाफेस थेंब होण्यासाठीं बसावयास आसन लागतें, आणि तें आसन म्हणजे हवेंतील धुळीचा, मिठाचा किंवा धुराचा सूक्ष्म कण. हा शोध एटकिननें १८८० च्या डिसेंबरांत एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढें मांडला. पुढें नानाभाईही त्याच सोसायटीचे सदस्य झाले. धक्क्यावरील वादाचें अर्धें उत्तर या दोन भांड्यांत आहे. धूर वाढला म्हणजे धुक्यास आसनें अधिक मिळतात. म्हणून शहरावरचें धुकें रानांतल्या धुक्याहून दाट, मळकट आणि चिवट असतें.

मायदेशीं परत आल्यावर नानाभाईंनीं मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत अध्यापन केलें. त्यांचें खरें कार्यक्षेत्र मात्र शहराच्या दक्षिण टोंकास त्यांची वाट पाहात होतें. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ सालीं स्थापिली. जहाजांस अचूक वेळ कळावी आणि ताऱ्यांचे वेध घेतां यावेत, हा तिचा मूळ हेतु होता. १८४१ पासून तेथें पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं आणि हवामानाचीं निरीक्षणें सुरू झालीं. त्या आरंभींच्या दिवसांत अलिबागजवळील नागांवचे केरो लक्ष्मण छत्रे हे तेथें साहाय्यक म्हणून काम करूं लागले. हेच पुढें पुण्यास गणिताचे नामांकित अध्यापक झाले आणि लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी होते. आमच्या भागांतील एका तरुणाचा हात त्या नोंदींस लागलेला आहे, हें येथील मुलांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे. पुढें पुष्कळ वर्षें चार्ल्स चेम्बर्स हे वेधशाळेचे प्रमुख होते. १८७८ सालीं त्यांनीं मुंबई इलाख्याच्या हवामानावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. ते १८९६ सालीं मृत्यु पावले आणि त्यांच्या जागीं नानाभाई मूस यांची नेमणूक झाली. अशा जागेवर एतद्देशीय माणूस बसण्याचा तो पहिलाच प्रसंग होता.

ज्या वर्षीं त्यांनीं कारभार हातीं घेतला, त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईंत प्लेगची सांथ आली. लोक घरेंदारें टाकून गांवोगांव पळाले, गिरण्या ओस पडल्या. वाऱ्यास, पावसास आणि चुंबकसूचीस सांथीची सुट्टी नसते. म्हणून त्यांची नोंद ठेवणाऱ्यांसही ती नव्हती. १८९८ सालीं नानाभाईंच्याच कारकीर्दींत कुलाब्यास मिल्न यांच्या पद्धतीचें भूकंपमापक यंत्र बसलें. अशा रीतीनें पृथ्वीचें चुंबक, तिचा कंप आणि तिच्यावरील हवा या तिघांचा हिशेब एकाच छपराखालीं लिहिला जाऊं लागला.

या हिशेबांतील हवेचीं पानें आम्हां बंदरावरील लोकांच्या विशेष उपयोगाचीं आहेत. कुलाब्यासारख्या ठिकाणीं वर्षानुवर्षें झालेल्या नोंदींवरून मुंबईच्या हवेची वार्षिक चाल स्पष्ट दिसते, ती अशी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्येचा वारा समुद्रावरून जोरानें येतो. त्याच्या पाठीशीं शेंकडों कोसांचा मोकळा समुद्र असल्यामुळें तो स्वच्छ असतो, आणि शहर जो धूर करतें तो कांहीं वाऱ्यावर उडून जातो व कांहीं पावसाच्या थेंबांबरोबर खालीं उतरतो. कुलाब्यास वर्षाचा पाऊस दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पडतो आणि त्यांतील बहुतेक सारा या चार महिन्यांतला असतो. ऑक्टोबरांत पाऊस परततो, ऊन वाढतें आणि वाऱ्याचें तोंड फिरूं लागतें.

नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतची गोष्ट निराळी आहे. रात्र मोठी आणि आकाश निरभ्र असल्यामुळें जमीन लवकर निवते. तिला लागून असलेली हवाही निवते, आणि तिच्यावर ऊबदार हवेचा थर पसरून राहतो. एरवीं खालची तापलेली हवा हलकी होऊन वर चढते व आपल्याबरोबर धूर घेऊन जाते. हिंवाळ्यांतील रात्रीं खालची हवा थंड आणि जड असल्यामुळें ती जागची हलत नाहीं. डब्यावर झांकण बसावें तसा हा प्रकार होतो, आणि चुलींचा, गाड्यांचा व कारखान्यांचा धूर त्या झांकणाखालीं सांठत राहतो. पहांटे जमिनीवरून समुद्राकडे मंद वारा वाहतो. तो या धुरास शहराबाहेर नेतो खरा, पण फार दूर नेत नाहीं. सूर्य वर आला, जमीन तापली आणि दुपारीं समुद्रावरून वारा सुटला, म्हणजे झांकण उडतें. ज्या दिवशीं तो वारा उशिरां सुटतो किंवा दुबळा असतो, त्या दिवशीं काजळी दिवसभर हटत नाहीं. मार्चपासून मेपर्यंत जमीन लवकर तापते, समुद्रवारा जोर धरतो आणि धूर उंच जाऊन विरळ होतो. त्या दिवसांत क्षितिज पांढुरकें दिसतें, तें बरेचसें धुळीमुळें आणि समुद्राच्या मिठामुळें. तात्पर्य, तीच चूल आणि तीच चिमणी आषाढांत जेवढें नुकसान करते, त्याच्या कितीतरी पट पौषांत करते.

आतां नानाभाईंच्या आयुष्यांतील मुख्य प्रसंगाकडे वळूं. १८७४ पासून मुंबईंत घोड्यांच्या ट्राम चालत असत. १९०० च्या सुमारास त्या विजेवर चालविण्याचा बेत निघाला. शहरास ती मोठी सोय होती. वेधशाळेस मात्र तें संकट होतें. विजेच्या ट्रामचा कांहीं प्रवाह रुळांतून जमिनींत झिरपतो आणि प्रवाह तेथें चुंबकत्व, असा सृष्टीचा नियम आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वांतील अत्यंत बारीक फरक दाखविणारी सूची शहराच्या या गडबडीनें हलूं लागली असती, आणि पृथ्वीची हालचाल कोणती व ट्रामची कोणती हें कोणासही सांगतां आलें नसतें. १८४६ पासून चालत आलेली चुंबकीय नोंदींची माळ त्या गोंधळांत बिघडली असती.

अशा वेळीं दोन मार्ग सोपे होते. शहराशीं भांडत बसावें, किंवा बिघडलेले आंकडे तसेच लिहीत जावें. नानाभाईंनीं दोन्ही टाळले. त्यांनीं सरकारास अडचण समजावून दिली आणि चुंबकाचीं यंत्रें मुंबईपासून दूर, बंदराच्या पलीकडे अलिबागेस नेण्याची व्यवस्था केली. तेव्हां अलिबाग हें कुलाबा जिल्ह्याचें मुख्य ठिकाण होतें. म्हणजे यंत्रें मुंबईच्या कुलाब्यांतून निघून जिल्ह्याच्या कुलाब्यांत आलीं. तेथील इमारतीस चुंबकत्व नसलेला पोरबंदरी दगड निवडून आणला. लोखंडाचा खिळाही वर्ज्य ठरला आणि जेथें धातु लागला तेथें पितळ व तांबें वापरलें. १९०४ सालीं अलिबागेस नोंदी सुरू झाल्या. परंतु नानाभाईंनीं कुलाब्याचीं यंत्रें लगेच बंद केलीं नाहींत. दोन वर्षें दोन्ही ठिकाणच्या नोंदी एकाच वेळीं घेतल्या आणि एकमेकींशीं ताडून पाहिल्या. जुन्या माळेचा शेवटचा मणी आणि नव्या माळेचा पहिला मणी यांची गांठ पक्की बसली, तेव्हांच १९०६ सालीं कुलाब्याचें चुंबकीय काम थांबविलें. १९०७ सालीं विजेची ट्राम धांवूं लागली, तेव्हां वेधशाळेस तिची भीति उरली नव्हती.

त्यानंतर त्यांनीं १८४६ पासून १९०५ पर्यंतच्या साठ वर्षांच्या चुंबकीय नोंदी एकत्र केल्या, त्यांतील चुंबकीय वादळांची तपासणी केली आणि १९१० सालीं दोन मोठ्या भागांत तें सारें प्रसिद्ध केलें. त्या विषयाचे अभ्यासक आजही तो ग्रंथ उघडतात.

याच वर्षांत शहरावरील धुराचा प्रश्नही ऐरणीवर आला होता. मुंबईच्या कापडगिरण्या कोळशावर चालत आणि परळ-लालबागच्या चिमण्या दिवसभर काजळी ओकत. लंडनमध्यें १९०५ सालीं धूर व धुकें यांच्या मिश्रणास स्मॉग असा नवा शब्द काढण्यांत आला. मुंबईंत १९१२ सालीं धुराच्या उपद्रवास आळा घालणारा कायदा झाला. तथापि खरा फरक पडण्यास कारण झाली ती आपल्याच जिल्ह्यांतील खोपोली. लोणावळ्याकडील तलावांचें पाणी घांटाखालीं सोडून टाटांच्या कंपनीनें तेथें वीज उत्पन्न केली आणि १९१५ पासून ती मुंबईच्या गिरण्यांस मिळूं लागली. जसजशा गिरण्या विजेवर आल्या, तसतसा त्यांचा कोळसा कमी झाला. ज्या विजेमुळें वेधशाळेचीं यंत्रें शहराबाहेर न्यावीं लागलीं, तीच वीज शहराच्या छातीवरील धुराचें ओझें हलकें करण्यास उपयोगी पडली. म्हणून कोणतेंही साधन सर्वस्वीं चांगलें किंवा सर्वस्वीं वाईट असें मानूं नये. तें कोठें, कसें आणि कोणत्या वेळीं वापरलें हें पाहावें.

नानाभाई १९१९ सालीं सेवानिवृत्त झाले आणि १९ फेब्रुवारी १९३६ रोजीं त्यांचें देहावसान झालें. कुलाब्यांतील वेधशाळेच्या रस्त्यास आज त्यांचें नांव आहे. त्यांनीं उभारलेली अलिबागची वेधशाळा अजून चालूं आहे. करंज्याहून रेवसची खाडी ओलांडली म्हणजे अलिबागचा रस्ता लागतो. इतकी ती आम्हांस जवळ आहे. १९७१ सालीं कुलाबा व अलिबाग येथील चुंबकीय कार्यास भारतीय भूचुंबकत्व संस्था असें स्वतंत्र रूप मिळालें आणि आज त्या संस्थेचें मुख्य ठाणें नव्या पनवेलीस आहे. मूस यांचा वारसा अशा रीतीनें बंदर ओलांडून आमच्या दारीं आलेला आहे.

त्या वारशाची आज गरज काय, असें कोणी विचारील. गिरण्यांच्या चिमण्या थंडावल्या, तरी हवेवरचें ओझें गेलेलें नाहीं. मोटारी, बांधकामाची धूळ, तेलशुद्धीचे कारखाने, बंदराकडे जाणाऱ्या अवजड गाड्या आणि उघड्यावर जाळला जाणारा कचरा यांनीं त्यांची जागा घेतली आहे. २०१६ च्या जानेवारीच्या अखेरीस देवनारच्या कचराभूमीस आग लागली आणि तिचा धूर मुंबईवर अनेक दिवस रेंगाळला. कांहीं शाळा बंद ठेवाव्या लागल्या. दिवस हिंवाळ्याचे होते आणि झांकण बसलेलें होतें. २०२२-२३ च्या हिंवाळ्यांत कित्येक दिवस मुंबईची हवा दिल्लीहूनही वाईट ठरली. २०२३ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें या प्रश्नाची आपण होऊन दखल घेतली. लंडनमध्यें १९५२ च्या डिसेंबरांत पांच दिवस असें झांकण बसलें, तेव्हां आरंभींच्या मोजणीप्रमाणेंच सुमारें चार हजार माणसें नेहमींपेक्षां अधिक दगावलीं. लहान मुलांच्या आणि वृद्धांच्या छातीस ही हवा प्रथम बाधते. खोकणाऱ्या मुलास रात्रभर मांडीवर घेऊन बसलेल्या मातेस हें निराळें सांगावयास नको.

आणि तरीही पावसाळा आला कीं आकाश धुतलें जातें आणि आपण सारें विसरतों. वाऱ्यानें केलेलें काम आपण स्वतःच्या नांवावर लिहितों. पुढें हिंवाळा आला म्हणजे उलट होतें. आपला दोष आपण थंडीच्या नांवावर टाकतों. ही दुहेरी चूक टाळण्याचा उपाय नानाभाईंच्या आयुष्यांत आहे. त्यांनीं पृथ्वीचा आवाज आणि शहराचा गलबला हे निरनिराळे करून दाखविले. हवेच्या बाबतींत धुकें व धूर हे तसेच निरनिराळे करावे लागतील.

यासाठीं मोठ्या यंत्रांची वाट पाहण्याचें कारण नाहीं. विद्यार्थ्यांनीं एक साधी वही करावी. रोज सकाळीं ठरलेल्या वेळीं आणि पुन्हां दुपारीं, धक्क्यावरील एकाच जागेवरून पाहावें. घारापुरी स्पष्ट दिसते कीं अंधुक, मुंबईच्या इमारती दिसतात कीं नाहीं, बोटीवरील निशाण कोणत्या दिशेस फडकतें, रात्रीं थंडी होती कीं उकाडा, आणि जवळपास कचरा पेटविला होता काय, एवढें लिहावें. सरकारी केंद्रांतून हवेचा जो निर्देशांक रोज प्रसिद्ध होतो, तो शेजारीं टिपून ठेवावा. जें दिसलें नाहीं तें लिहूं नये आणि चुकलेला दिवस मागाहून अंदाजानें भरूं नये. तीन हिंवाळे अशी वही राखली, तर धक्क्यावरील वादांत तिच्याइतका चांगला साक्षीदार मिळणार नाहीं.

पालकांसही एक विनंति आहे. अंगणांतील पालापाचोळा, प्लॅस्टिक आणि जुने टायर जाळूंच नयेत. निदान हिंवाळ्याच्या पहांटे तर कधींही जाळूं नयेत. त्या वेळीं धूर वर जात नाहीं. तो आपल्याच ओटीवरून शेजाऱ्याच्या घरांत शिरतो आणि तेथें निजलेल्या मुलाच्या छातींत उतरतो. नानाभाईंनीं एक अस्सल नोंद राखण्यासाठीं चुंबकाचीं यंत्रें बंदरापलीकडे नेलीं. आपली मुलें कोठें नेतां येण्यासारखीं नाहींत. तीं येथेंच श्वास घेणार आहेत.